पेशवे दफ्तर : रुमाल आणि निवड
पुण्याच्या पेशवे दफ्तराचा उल्लेख इतिहासाची खाण म्हणून करण्याचा प्रघात पडला आहे. परंतु फडावर बसून ज्या कारकुनांनी ते लिहिले त्यांना इतिहासाशी काहीच कर्तव्य नव्हते, आणि 1818 नंतर ज्या इंग्रज अंमलदारांनी ते ताब्यात घेऊन जतन केले त्यांनाही ते मुख्यत्वे साऱ्याच्या आणि इनामांच्या चौकशीकरिताच हवे होते. यातील ‘एक बेरीज’ दफ्तराची, म्हणजे सगळ्या खात्यांचे हिशेब एकत्र येत त्या विभागाची, नाना फडणीसांच्या करड्या नजरेखाली भरास आलेली व्यवस्था दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत विस्कटली. पुढे इनाम कमिशनाने खाजगी घराण्यांकडून गोळा केलेले कागद ‘जमाव’ या नावाने तेथेच येऊन मिळाले. असे सुमारे 35,000 रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आणि त्यांतील 27,000 हून अधिक मोडीचे!

मोडी पत्राची नोंद करणे हे वाटते तितके सोपे काम नाही. पत्रात चंद्र, म्हणजे चांद्र तारीख, आणि मुसलमानी महिना असतो, परंतु साल पुष्कळदा नसतेच. असलेच तर ‘इसन्ने खमसैन मया व अलफ’ अशा अरबी शब्दांत, म्हणजे सुहूर सन 1152, इसवी 1751-52. मायना ‘नाना’ असा असला तर ते बाळाजी बाजीराव की फडणीस, हेही ठरवावे लागते. अशा वेळी रुमालात त्या पत्राच्या मागेपुढे काय बांधले आहे हाच पुष्कळदा एकमेव साक्षीदार उरतो, आणि कागद जागेवरून हलविला की ती साक्ष बुडाली. मूळ रचना मोडू नये, हा 1898 च्या डच दफ्तरशास्त्रज्ञांच्या ग्रंथातील दंडक मला म्हणूनच केवळ पुस्तकी वाटत नाही.

या दफ्तरातून निवड करणाऱ्यांपैकी गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या रोजनिशीतून राज्यकारभाराचे उतारे काढले. इतिहासकार सरदेसायांनी निवडून छापलेल्या 45 खंडांचा ओढा मात्र मुख्यतः राजकारणाकडे राहिला. पहिला उदगीरचा, दुसरा पानिपतचा. हे खंड नसते तर मराठ्यांच्या इतिहासाची अवस्था दयनीय राहिली असती, हे निर्विवाद आहे. तथापि निवड करणाराने बाजूस ठेवलेला कागद निरुपयोगी ठरतो, असा जो समज वाचकांत त्यामुळे रुजला तो मात्र मला मान्य नाही. श्रावणातील रमण्याची दक्षिणा, पागेचा दाणा, गावोगावचे जमाखर्च यांत लढाया नाहीत. पण धान्याची धारण, मजुरी आणि कर्ज यांचा शोध घेणाऱ्याला नेमके तेच रुमाल उलगडावे लागतात, आणि इनामाचा दावा तपासणाऱ्या कमिशनालाही त्यांचेच मोल वाटले होते.