बागेतल्या परमुलखी गड्याला आपली भाषा



खानापूर, आटपाडी, माण, खटाव या दुष्काळी भागातली कितीतरी पोरे गलाईच्या धंद्यासाठी पार तामिळनाडू-केरळपर्यंत गेली. जुने सोने-चांदी आटवून शुद्ध करायचे, हे त्यांचे काम. जाताना तिकडच्या भाषेचे अक्षर येत नव्हते. भट्टीजवळ बसता बसता दुकानातल्या जुन्या कारागिराने शिकवले. आता यात्रेला गावी आलेला गलाईवाला फोनवर फडाफडा तमिळ बोलतो आणि आपण कौतुकाने ऐकतो.

आज तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षबागांत बिहार, उत्तर प्रदेशचे गडी येतात. त्यांचा जुना कारागीर कोण? तुम्हीच.

"हिंदी येतंय की आपल्याला," असे तुम्ही म्हणाल. येते, पण कामाच्या घाईत तोंडात मराठीच येते. खरड छाटणीत "एक डोळा राखून काप" म्हटले, तर नवखा माणूस काडीकडे बघेल की तुमच्या तोंडाकडे? हे एक वेळ हसण्यावारी जाईल. औषधाचे माप तसे नाही. आपले 'अडीचशे' म्हणजे त्याचे 'ढाई सौ', आपले 'दीड' म्हणजे त्याचे 'डेढ'. म्हणून मापाच्या भांड्यावर रंगाची रेघ मारा आणि माप त्याच्याकडून वदवून घ्या. बागेला भेट दिली की मी मालकाला नाही, गड्यालाच माप विचारतो. नुसती मान डोलावली म्हणजे समजले, असे धरू नका.

डब्यावरचे रंग तर पहिल्याच दिवशी दाखवा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, शेवटी हिरवा. छाटणीनंतर डोळे फुटण्यासाठी हायड्रोजन सायनामाइड लावताना हातमोजे हवेतच. आणि त्याच्या आधी व नंतरही दारू वर्ज्य, हे त्याच्या भाषेत बजावून सांगा.

'चक्कर' आणि 'उलटी' हे शब्द दोघांचे एकच आहेत. 'मळमळ' मात्र त्याला कळत नाही. तो "जी मिचलाता है" म्हणेल. घरातल्या माणसांनीही हे ध्यानात ठेवावे, कारण दुपारी शेडवर भाकरी घेऊन जाणाऱ्या वहिनींच्याच कानावर ते आधी पडेल. असे झाल्यास फवारणी थांबवा, कपडे बदलून साबणाने अंग धुवायला लावा आणि औषधाचा डबा घेऊन डॉक्टरकडे चला. 108 क्रमांक शेडच्या भिंतीवर लिहून ठेवा.

आणि हजेरीची वही त्याला आठवड्याला वाचून दाखवा. 'उचल' आणि 'खाडा' हे दोन शब्द समजावून सांगा. खाडा म्हणजे नागा, हे त्याला महिनाअखेरीस पैसे कापल्यावर कळले, तर भांडण ठरलेलेच.