जांभ्याच्या वाटेने रत्नागिरी

रत्नागिरी समजून घ्यायची तर सुरुवात समुद्रापासून करू नये, पायाखालच्या दगडापासून करावी. हातखंब्याच्या तिठ्यावरून एस.टी. शहराकडे वळते तेव्हा रस्त्याच्या कडेला तांबूस, भोकाभोकांचा कातळ दिसतो. तो जांभा. इथली विहीर किती खोल, वाडी कुठे वसली, आंबा कसा रुजला, रस्ता का वळला, या प्रश्नांची उत्तरे त्याच्यापाशी आहेत.

जांभा मुळात जांभा नव्हता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थरावर थर साचले आणि त्यांचा काळा बेसाल्ट झाला. सह्याद्री त्याचाच. पुढे उष्ण हवा आणि भरपूर पाऊस यांनी या दगडाचा वरचा भाग लाखो वर्षे कुजवला. सिलिका, चुना असे घटक पाण्याबरोबर वाहून गेले. लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहिली. लोहाच्या गंजामुळे दगड तांबडा झाला आणि विरघळून गेलेल्या घटकांच्या जागी पोकळ्या राहिल्या. डोंगरमाथ्यावर या थराचे कठीण कवच बनले. झाडांवाचून पसरलेल्या त्या सपाटीला इथली माणसे ‘सडा’ म्हणतात.

कवचाखालचा जांभा मात्र खाणीत ओला असेपर्यंत मऊ असतो. तो विटेसारखा चौकोनी कापता येतो आणि ऊन-वारा लागला की टणक होतो. तोच चिरा. 1807 साली फ्रान्सिस बुकानन या प्रवाशाने केरळातल्या अशाच दगडाला ‘लॅटराइट’ हे नाव दिले, तेही विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून. घराच्या भिंती, विहिरीचे बांधकाम, बागेचा गडगा, पाखाडीच्या पायऱ्या, सगळीकडे हा चिरा भेटतो.

आता पाण्याकडे पाहू. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तरीही मे महिन्यात अनेक वाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. याचे कारण जांभ्याच्या भोकांत आहे. सड्यावर पडलेले बरेचसे पाणी फटींतून खाली मुरते. जांभ्याखाली कुजलेल्या बेसाल्टची चिकण माती असते. तिथे पाणी अडते, आडवे सरकते आणि उतारावर झरा होऊन बाहेर येते. म्हणून सड्याचा माथा ओस आणि वाड्या उतारावर किंवा पायथ्याशी, झऱ्याजवळ. पण हा साठा फार काळ टिकत नाही. जांभा जसा पाणी पटकन घेतो, तसाच सोडूनही देतो.

सडा ओसाड दिसला तरी निकामी नाही. पावसाळा सुरू होताच कोकणाबाहेर न आढळणारी पांढरी दीपकाडी तिथे फुलते, मग सीतेची आसवे जांभळी चादर अंथरतात. याच कातळात सुरुंगाने खड्डे घेऊन, बाहेरून माती आणून हापूसची कलमे लावली गेली. मुळांशी पाणी न साचू देणारा उतार आणि समुद्राची हवा या कलमांना मानवली. 2018 साली कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे कातळ फोडणाऱ्या कित्येक पिढ्यांचे हात आहेत.

त्यांच्याही फार आधी कुणीतरी या सड्यावर चित्रे कोरली. राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर सुमारे 18 मीटर लांबीचा हत्ती आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या आकृती आहेत. उक्षी, बारसू, देवीहसोळ इथेही अशी कातळशिल्पे आहेत. कोरता येईल इतका नरम आणि रेषा टिकतील इतका कठीण, असा हा दगड होता म्हणून ती आपल्यापर्यंत पोहोचली. 2022 साली त्यांचा युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला.

प्रवासाचे गणित खाड्यांनी घातले. सह्याद्रीतून निघालेल्या आखूड, वेगवान नद्यांनी जांभ्याचे पठार चिरले आणि त्यांच्या मुखांत समुद्र शिरला. वाशिष्ठीची दाभोळ, शास्त्रीची जयगड, काजळीची भाट्ये, मुचकुंदीची पूर्णगड अशा खाड्या ओळीने येतात. भरतीचे पाणी जिथवर पोहोचे तिथवर गलबते जात. राजापूरची पेठ त्यावरच वाढली. मुखांवर जयगड, पूर्णगडासारखे किल्ले उभे राहिले. किनाऱ्याने उत्तर-दक्षिण जाणे मात्र कष्टाचे होते: सडा चढा, उतरा, होडीने खाडी ओलांडा, पुन्हा चढा. मुंबईची आगबोटही पावसाळ्यात बंद असे. मागे घाट आणि पुढे समुद्र अशा या रत्नागिरीत ब्रिटिशांनी 1886 साली ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला आणून ठेवले आणि 1924 पासून सावरकरांना स्थानबद्ध ठेवले. नकाशा पाहिला की गावाची ही निवड समजते. 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण झाली तीही बोगदे खणत आणि दऱ्यांवर पूल टाकत. रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल 64 मीटर उंच आहे.

म्हणून रत्नागिरीला आलात तर एक दिवस नुसता उतरण्यासाठी ठेवा. सकाळी सड्यावर उभे राहा, पाखाडीने वाडीत या, विहिरीत डोकावून पाणी किती खोल आहे ते पाहा, आणि संध्याकाळी भाट्याच्या खाडीवर भरती चढताना बघा. जमल्यास हीच वाट एकदा ऑगस्टमध्ये आणि एकदा मे महिन्यात चाला. कातळशिल्पांवर पाय मात्र देऊ नका. हजारो वर्षे पाऊस सोसलेल्या त्या रेषा आपल्या पायांनी झिजू नयेत.