दुनळी रायफलीची पारख

नवी रायफल घेतली तर ती प्रथम कशावर झाडून पाहावी? विलायती शिकारवर्णनांतून याचें उत्तर पुष्कळदां वाघावर किंवा गव्यावर असें मिळतें, आणि वाचतांना तें मौजेचें वाटतें. परंतु दुनळीची घडण ज्यास ठाऊक आहे तो मनुष्य असें करणार नाहीं.

छऱ्याच्या बंदुकीस दोन नळ्या शेजारीं बसविणें सोपें; गोळीच्या रायफलीस फार कठीण. नळ्या समांतर ठेवल्या म्हणजे झालें असें वाचकांस वाटेल. पण उजवी नळी सुटतांच धक्क्यानें रायफल वर व उजवीकडे झुकते, आणि डावी सुटली कीं डावीकडे. म्हणून कारागीर नळ्यांचीं तोंडें किंचित् एकमेकींकडे वळवून डाख देतो, झाडून पाहतो, मधली पाचर सरकवितो, पुन्हां झाडतो. साधारण शंभर यार्डांच्या आंत दोन्ही गोळ्या एका तळहातांत मावल्या कीं काम संपलें. .४७० मापाची दुनळी पांच शेरांहून जड भरते. तिची गोळी पावणेतीन तोळ्यांची, आणि वेग सेकंदास सुमारें २१५० फूट.

हें माप तरी कसें निघालें! १८९८ सालीं लंडनच्या रिग्बीनें .४५० ची नामांकित रायफल काढली. पण त्या जाडीच्या गोळ्या सरहद्दीवरील टोळ्यांच्या मार्टिनी-हेन्री बंदुकांस उपयोगीं पडतील या भीतीनें १९०७ च्या सुमारास सरकारनें हिंदुस्थानांत ती बंद केली, आणि .४६५, .४७० अशीं मापें पुढें आलीं. जनावराची कातडी पाहून नव्हे, तर राजकारण पाहून गोळीची जाडी ठरली.

नळ्यांचा मेळ बसतो तो एका ठराविक काडतुसापुरता. दारू बदलली कीं दोघी जावांचीं तोंडें दोन दिशांना व्हावीं तसें होतें. दारू तीच राहिली, तरी हवा बदलते. पौषांतल्या पहांटे लोणावळ्यास बोटें गारठतात. वैशाखांत पवन मावळच्या कातळावर दुपारीं लोखंडास हात लाववत नाहीं. तापलेलें कॉर्डाइट अधिक जोरानें जळतें. नळी बाजूस झुकण्यापूर्वींच गोळी बाहेर पडते, आणि उजवीची गोळी डावीकडे, डावीची उजवीकडे जाऊं लागते. कधीं रिकामें काडतूसच नळींत रुतून बसतें. यासाठीं उष्ण देशांकरितां कमी दारूचीं निराळीं काडतुसें विलायतेंत भरीत असत. जाणता शिकारी शिकारीच्याच ऋतूंत, मागें डोंगराची पाठ पाहून, कागदावर आधीं उजवी व मग डावी झाडी, नळ्या निवूं देई आणि छिद्रें तपाशी. उजवीचीं छिद्रें उजवीकडेच, पण डावीच्या लगत हवींत.

एवढा खटाटोप कशासाठीं? मावळांत गवा नाहीं. येथलें मोठें जनावर म्हणजे सांबर, रानडुक्कर आणि बिबळ्या. वाघही पूर्वीं होता. डोंगरवाटांवरचीं वाघजाईचीं ठाणीं त्याची आठवण ठेवून आहेत. मचाणावरील पाहुण्याची गोळी चार बोटें चुकली तर त्याचें फारसें बिघडत नसे. पोटांत गोळी घेऊन जनावर करवंदीच्या जाळींत शिरे, आणि रक्ताच्या मागानें काठी-कोयता घेऊन चालावें लागे तें हाक्यांतल्या ठाकरास किंवा महादेव कोळ्यास. शिकारीच्या छायाचित्रांत मेलेला वाघ असतो, साहेब असतो. हा मनुष्य असलाच तर कडेला. जखमी जनावर उलटून आलें म्हणजे दुसरी नळी तत्काळ हवी; दुनळीस दोन घोडे व दोन चाप असतात ते याच घटकेसाठीं. ती गोळी हातभर बाजूस गेली तर मग रायफलीची किंमत कोणास सांगावी?

कोल्हापूर दरबारच्या शिकारीचें दाजीपूर १९५८ मध्यें गव्यांचें अभयारण्य झालें, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हौसेची शिकार सर्वत्र मिटली. ज्यांच्या घरीं आजोबांची दुनळी परवान्यावर जपलेली आहे, त्यांना तिची पारख मान्य चांदमारीवर, कागदावरच करतां येईल. कपाटांत पडलेलीं जुनीं काडतुसें मात्र तींत घालूं नयेत. नळ्यांच्या बुडाशीं किती कॉर्डाइट व किती वजनाची गोळी तें बहुधा कोरलेलें असतें. तें बंदुकीच्या जाणत्या कारागिरास आधीं दाखवावें.