कल्याणच्या 1009 धावांसाठी एक भिंत

कल्याणच्या वायले नगरातल्या मैदानावर 5 जानेवारी 2016 रोजी प्रणव धनावडेनं नाबाद 1009 धावांची खेळी पूर्ण केली. नोंद झालेल्या क्रिकेटमध्ये, कुठल्याही पातळीवर, एका डावात चार आकडी धावा त्याआधी कुणी केल्या नव्हत्या. पंधरा वर्षांचा यष्टिरक्षक, सलामीला आलेला, वडील रिक्षाचालक. भंडारी चषकाच्या या शालेय सामन्यात त्याच्या के. सी. गांधी शाळेनं 3 बाद 1465 वर डाव सोडला. आर्य गुरुकुलचे दोन्ही डाव 31 आणि 52 धावांत आटोपले.

प्रणवनं मोडलेला विक्रम 116 वर्षं टिकला होता. ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेज या शाळेत 1899 च्या जूनमध्ये ए. ई. जे. कॉलिन्स या तेरा वर्षांच्या मुलानं नाबाद 628 धावा केल्या. तो प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळला नाही आणि 1914 मध्ये पहिल्या महायुद्धातल्या ईप्रच्या लढाईत मारला गेला. तरी त्या मैदानाला आजही त्याचं नाव आहे आणि कडेच्या इमारतीच्या भिंतीवर त्याच्या खेळीची पाटी आहे. त्या शाळेनं खेळी जपली. खेळाडू पुढे किती मोठा झाला, याचा हिशेब मांडला नाही.

बेसबॉलच्या चाहत्यांनी तर याहून पुढचं काही केलं. पिट्सबर्गमध्ये 13 ऑक्टोबर 1960 रोजी बिल मॅझरॉस्कीनं वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात शेवटच्या फटक्यावर चेंडू कुंपणाच्या भिंतीपार धाडला आणि समोरचा यांकीज संघ हरला. फोर्ब्स फील्ड हे मैदान पुढे पाडलं गेलं, पण भिंतीचा काही भाग राखला. दर 13 ऑक्टोबरला माणसं तिथं जमतात आणि त्या सामन्याचं जुनं धावतं वर्णन पुन्हा ऐकतात.

कल्याणनंही प्रणवची खेळी एका भिंतीवर रंगवून जपावी. त्या भिंतीवर काय रंगवावं? माझ्या मते, नुसता बॅट उंचावलेला चेहरा नको. निवडणुकीच्या फलकांवर चेहरे पुष्कळ असतात. इथं धावफलक हवा. 129 चौकार आणि 59 षटकार, म्हणजे 870 धावा. उरलेल्या 139 त्यानं पळून काढल्या. मला तर ही पळापळच सर्वांत आधी रंगवावीशी वाटते. समोरच्या संघात बरीच लहान मुलं होती, एका बाजूची सीमारेषा जवळ होती, झेलही सुटले. तेही चित्रात यावं. दोन दिवस उन्हात चेंडू आणत राहिलेली ती मुलं या खेळीची साक्षीदार आहेत आणि त्यांना चित्रातून वगळणं अन्यायाचं होईल.

प्रणवची पुढची वर्षं सोपी नव्हती. मुंबई क्रिकेट असोसिएशननं त्याला दरमहा 10,000 रुपयांची शिष्यवृत्ती दिली होती. खेळ मनासारखा होत नाही म्हणून 2017 मध्ये वडिलांनीच ती थांबवण्याची विनंती केली. कल्याणनं भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावी अशी ही गोष्ट आहे.

काम अवघड नाही. आपल्याकडच्या पावसात भिंतीला ओल धरते, पोपडे सुटतात. म्हणून आधी गळती बंद करून प्रायमर द्यावा, बाहेरच्या भिंतीचा रंग वापरावा आणि चौकटी आखून चित्र मोठं करावं. हातांची वाण नाही. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा 1999 मध्ये डोंबिवलीत सुरू झाली आणि तिच्या वाटेवर भल्यामोठ्या रांगोळ्या घालणारे इथेच राहतात. ठाण्यापासून कल्याणपर्यंत स्वच्छतेच्या घोषणांनी भिंती रंगतातच.

कल्याण-डोंबिवली महापालिकेनं आणि इथल्या क्रिकेट क्लबांनी मैदानाकडे जाणाऱ्या वाटेवरची एक भिंत या खेळीसाठी द्यावी, आणि रंगवायला सुरुवात करण्याआधी त्या सामन्यात खेळलेल्या दोन्ही शाळांच्या मुलांना बोलवावं.