पाठ पुन्हा घेऊन पाहा : वऱ्हाडातल्या शिक्षकांची आपसातली पारख

बी.एड. केलेल्या प्रत्येकाला सूक्ष्म अध्यापनाची ३६ मिनिटे आठवत असतील. सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे सहाध्यायांचे प्रत्याभरण, बारा मिनिटे नव्याने आखणी, मग तोच पाठ पुन्हा सहा मिनिटे आणि शेवटी परत सहा मिनिटे प्रत्याभरण. १९६३च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अ‍ॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रीत घडवली आणि पुढच्या दशकात ती आपल्या अध्यापक महाविद्यालयांत रुजली. अमरावती-अकोल्यात शिकवणारे हजारो शिक्षक या चक्रातून गेले आहेत. नोकरी लागली की मात्र ते चक्र थांबते. वर्गाचे दार लागते आणि त्यानंतर आत येऊन मागच्या बाकावर बसणारा माणूस बहुधा शेरा लिहायला आलेला अधिकारी असतो. बरोबरीचा शिक्षक येतच नाही.

बरोबरीच्याने पाहावे आणि लगेच सांगावे, ही सवय वऱ्हाडात कुठे टिकली, याचा शोध घेतला तर पाय मैदानाकडे वळतात. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केले. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने परदेशी प्रेक्षकांसमोर कबड्डीसह आपले देशी खेळ आणि व्यायामप्रकार दाखवले. आपल्या शाळांतले कितीतरी क्रीडाशिक्षक इथेच तयार झाले. मल्लखांबावर पोराची पकड सुटते ती सगळ्यांच्या देखत. शिकवणारा उस्ताद, शेजारी उभा असलेला दुसरा प्रशिक्षक, रांगेत थांबलेली मुले, सगळ्यांनाच ते दिसते. त्यामुळे ‘मांडी आधी आवळ, मग हात सोड’ ही सूचना त्याच क्षणी मिळते आणि पुढची उडी लगेच बदलते. दुसऱ्या उस्तादाने मध्येच काही सुचवले तर पहिल्याचा मान जात नाही. अकोल्यात मुष्टियुद्धाच्या सरावालाही हेच लागू आहे. शिकवण्यातली उणीव उघड्यावर दिसणे आणि ती कोणी तरी लगेच बोलून दाखवणे, हे मैदानाचे बळ आहे. वर्गाला ते लाभत नाही, कारण वर्गात चुकलेला प्रश्न कोणाच्या हाडाला लागत नाही.

शिक्षकांसाठी अशी जागा शासनाने आखली नाही, असे मात्र नाही. १९८६च्या राष्ट्रीय धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आल्या. पुढे आसपासच्या शाळांचे केंद्र झाले, केंद्रप्रमुख आले, गटसंमेलने सुरू झाली आणि आता शिक्षण परिषदा भरतात. कल्पना उत्तम आहे. पण परिषदेचा दिवस परिपत्रके, ऑनलाइन माहिती आणि पुढच्या महिन्याच्या सूचना यांतच निघून जातो. एखादे सर किंवा मॅडम आपला उपक्रम मांडतात, टाळ्या वाजतात, ‘खूप छान झालं’ म्हणून चहा येतो. ज्यांनी रात्र जागून साहित्य तयार केले, त्यांच्या हाती सुधारण्यासारखे काहीच लागत नाही. माझ्या मते हा त्या मेहनतीचा अनादर आहे.

२०१५च्या आसपास साताऱ्याच्या कुमठे बीटची मोठी चर्चा होती. राज्यभरातले शिक्षक गाड्या करून तिथले ज्ञानरचनावादी वर्ग पाहायला जात होते. परतल्यावर पुष्कळ शाळांच्या फरश्या रंगल्या, आखल्या गेल्या. जिथे शिक्षकांनी आपसात बसून ‘आपल्या पोरांना यातलं काय लागू पडतं?’ असे विचारले तिथे काम पुढे सरकले. जिथे फक्त नक्कल झाली तिथे रंग उडाला आणि विषय संपला.

वऱ्हाडात हा प्रश्न विचारणे विशेष गरजेचे आहे, कारण अमरावती आणि अकोला या दोनच जिल्ह्यांत जमीन, पाणी आणि भाषा सारख्या बदलत राहतात. पातूरच्या डोंगराळ भागात पाण्यावर बेतलेला परिसर अभ्यासाचा पाठ तेल्हाऱ्यात किंवा दर्यापुरात जसाच्या तसा घेता येत नाही. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहीर खोल गेली म्हणून प्यायला पाणी मिळेलच असे नाही, हे तिथल्या मुलाला पुस्तक उघडण्याआधीच ठाऊक असते. तिथला शिक्षक समोर बसला असेल तर पाच मिनिटांत हे सांगेल.

मेळघाटात तर अशा सोबत्याशिवाय गत्यंतर नाही. धारणी-चिखलदऱ्यात पुष्कळ मुलांची घरची भाषा कोरकू आहे. ती मुंडा कुळातली, मराठीहून फार वेगळ्या घडणीची. मराठी व्याकरणात एकवचन आणि अनेकवचन शिकवले जाते. कोरकूत दोघांसाठी वेगळे द्विवचनही आहे. वचनाचा पाठ चालू असताना दोन बैलांचे चित्र पाहून मूल अडखळले, तर बाहेरून आलेले गुरुजी ते मूल कच्चे समजतील. कोरकू घरातला शिक्षक वर्गात असेल तर मूल का थांबले हे तो ओळखेल. तिथे दोनशिक्षकी शाळा पुष्कळ आहेत. दुसरा शिक्षक दुसरे वर्ग सांभाळत असतो, त्यामुळे अशी भेट केंद्रावरच घडू शकते.

अशी भेट कशी चालावी, याचा एक नमुना जपानमध्ये आहे. तिथे शिक्षक एक पाठ मिळून आखतात, त्यांच्यातला एक जण तो घेतो आणि बाकीचे मुलांकडे पाहत बसतात. नंतर बोलणे होते ते पाठावर आणि मुलांनी दिलेल्या उत्तरांवर. मग सुधारलेला पाठ दुसऱ्या वर्गात दुसरा शिक्षक घेतो. जेम्स स्टिग्लर आणि जेम्स हीबर्ट यांच्या १९९९च्या पुस्तकाने ही पद्धत जगभर पोचली. यासाठी लागतो तो थोडा वेळ आणि एकमेकांवरचा विश्वास. ‘सर, तिसऱ्या रांगेतली पोरं काहून बोलली नाही?’ हा प्रश्न राग न धरता विचारता आणि ऐकता आला, की निम्मे काम होते. त्यात पदाची उतरंड आणू नये. साहेब समोर बसले की शिक्षक दाखवायचा पाठ घेतात, खरा पाठ घेत नाहीत.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांचा व्यावसायिक विकास अपेक्षिला आहे. अमरावती आणि अकोल्याच्या केंद्रप्रमुखांना माझी विनंती आहे की दिवाळीची सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू झाले की त्यातले दोन तास एका पाठासाठी राखून ठेवा. परिपत्रके मोबाइलवर पाठवा. परिषदेत मुलांसमोर एक पाठ होऊ द्या, त्यावर मोकळेपणाने बोलू द्या आणि पुढच्या महिन्यात तोच पाठ, सुधारून, दुसऱ्या शाळेत पुन्हा घ्या.