पड टाकलेला हंगाम

परंडा, भूम, वाशी या भागातल्या भारी काळ्या रानात एक जुनी रीत आहे. मृगाचा पाऊस पडतो, शेजारच्या हलक्या रानात पेरण्या उरकतात, पण हे रान मोकळेच राहते. पावसाळाभर त्यात कुळवाच्या पाळ्या घालायच्या, तण मारायचे, पाणी जिरवायचे. पेरणी करायची ती सप्टेंबर-ऑक्टोबरात, ज्वारीची. पुढे पाऊस आला नाही तरी ज्वारी जमिनीतल्या ओलीवर निघते. याला खरीप पड म्हणतात. रस्त्याने जाणाऱ्याला ते ओसाड रान वाटते. शेतकऱ्याला ठाऊक असते, की एक हंगाम सोडून आपण दुसऱ्याची ओल साठवतो आहोत.

ही रीत मला आठवली ती क्रिकेटमुळे. २१ एप्रिल २०२२च्या रात्री चेन्नईने शेवटच्या चेंडूवर मुंबई इंडियन्सला हरवले. आयपीलच्या त्या हंगामातला मुंबईचा तो सलग सातवा पराभव. माझा भाचा मोबाइल बाजूला ठेवून म्हणाला, "मामा, हे मुद्दाम हारायलेत का?" पोराचा वैताग होता तो, पण प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. पाच वेळा विजेता ठरलेला संघ एखादा हंगाम जाणूनबुजून सोडू शकतो का? सोडला, तर त्यातून कोणाला काय मिळते? मी खेळाडू नाही आणि अर्थशास्त्र कोठे शिकलेलो नाही. लिलावांचे आकडे वहीत मांडत गेलो आणि जे हाती लागले ते येथे ठेवतो.

मर्यादा कशाची?

या प्रश्नाचे मूळ अमेरिकेत आहे. तिथे ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावण्याचा, अंगावर जाण्याचा खेळ. त्याच्या एनएफएल या लीगमध्ये १९९४पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चावर कमाल मर्यादा आहे. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती, २०२४ साली २५ कोटी ५४ लाख झाली. श्रीमंत मालकाने सगळे चांगले खेळाडू विकत घेऊ नयेत, हा हेतू.

मर्यादा आली, की तिच्यातून वाट काढणारेही आले. खेळाडूला करार करतानाच मोठी रक्कम हातात द्यायची आणि हिशोबात ती पुढच्या वर्षांवर थोडी थोडी टाकायची, ही त्यातली मुख्य वाट. आजचा खर्च उद्याच्या खात्यावर. पण खेळाडूला मध्येच काढले, तर उरलेले सगळे हप्ते संघाच्या मानगुटीवर बसतात. खेळाडू संघात नाही, त्याचा आकडा मात्र मर्यादेत मोजला जातो. हा बुडीत पैसा. मार्च २०२४मध्ये डेन्व्हर ब्राँकोज संघाने रसेल विल्सनला सोडले, तेव्हा असे साडेआठ कोटी डॉलर दोन वर्षांत सोसायचे त्याने पत्करले. हातपाय बांधून घेऊन एखादे वर्ष काढायचे, जुनी देणी फेडायची आणि मोकळ्या खात्याने नवी बांधणी करायची, अशी ही रीत. खरीप पडच म्हणा.

तिथे ही पड परवडण्याची दोन कारणे आहेत. एक, न वापरलेली मर्यादा पुढच्या वर्षी नेता येते. दोन, जो संघ तळाला जातो त्याला महाविद्यालयांतून येणारे नवे खेळाडू निवडताना पहिला मान मिळतो. म्हणजे हरण्यालाही मोल आहे. ही दोन कारणे लक्षात ठेवून आपल्याकडे यायला हवे.

आठ कोटींची गोष्ट

आयपीएलमध्ये या मर्यादेला पर्स म्हणतात. २०२२च्या मोठ्या लिलावाच्या वेळी ती प्रत्येक संघाला ९० कोटी रुपये होती. मुंबईने रोहित शर्मा, जसप्रीत बुमराह, सूर्यकुमार यादव आणि कायरन पोलार्ड या चौघांना ४२ कोटींत राखले. लिलावासाठी उरले ४८ कोटी. राखण्याची मुभा चौघांपुरतीच होती, त्यामुळे हार्दिक आणि कृणाल पांड्या, क्विंटन डी कॉक, ट्रेंट बोल्ट ही जमलेली घडी विस्कटणारच होती.

१२ आणि १३ फेब्रुवारीला बंगळुरूत लिलाव झाला. पहिल्या दिवशी बोल्ट आठ कोटींना राजस्थानकडे गेला. दुसऱ्या दिवशी मुंबईने जोफ्रा आर्चरला घेतले, तेही आठ कोटींनाच. फरक एवढाच, की आर्चरचे कोपर दुखावलेले होते आणि तो २०२२मध्ये खेळण्याची शक्यता नाही, हे लिलावाआधीच सर्वांना कळवलेले होते. त्याची नोंदणी झाली होती ती पुढच्या दोन हंगामांकडे पाहून. पैसा प्रत्यक्ष त्याच्या हाती पडला की नाही, हा मुद्दा इथे नाही. मुद्दा पर्सचा आहे. ४८पैकी आठ कोटी, म्हणजे सहावा हिस्सा, मुंबईने त्या वर्षापुरता पड टाकला. पुढे बुमराह आणि आर्चर दोन्ही बाजूंनी गोलंदाजी करतील, ही त्यामागची ओल.

त्या हंगामात काय झाले ते सर्वांनी पाहिले. साखळीतले सगळे सामने मुंबई आणि पुण्यातच झाले. घरच्या मैदानांवर मुंबईने पहिले आठ सामने हरले, चौदांपैकी चारच जिंकले आणि दहा संघांत दहावा क्रमांक घेतला. बोल्टचा राजस्थान संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला.

सगळे खापर त्या आठ कोटींवर फोडणे न्यायाचे होणार नाही. इशान किशनवर १५ कोटी २५ लाख घातले होते, गोलंदाजीची फळी नवी होती, आणि एक गोलंदाज असता तर आठ पराभव टळले असते असे कोणी शपथेवर सांगू शकत नाही. मुंबईने 'आम्ही हा हंगाम सोडतो आहोत' असेही कधी म्हटले नाही. तेव्हा भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर 'मुद्दाम नाही' असेच आहे. पण आजच्या ताटातला एक घास उद्यासाठी झाकून ठेवला होता, हेही खरे.

ओल कुठे गेली?

आता पुढचा हंगाम. २०२३मध्ये आर्चर आला, पाच सामने खेळला, दोन बळी घेतले आणि मे महिन्यात मायदेशी परतला. त्याच वर्षी बुमराह पाठीच्या दुखण्यामुळे पूर्ण हंगाम बाहेर होता. ज्या जोडीसाठी वर्ष झाकून ठेवले, ती जोडी मुंबईकडून एकही सामना एकत्र खेळली नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये आर्चरला मोकळे केले. २०२४मध्ये मुंबई पुन्हा दहावी आली.

नशीब वाईट, असे म्हणून हा हिशोब मिटवता येईल. पण मला यात जमिनीचाही दोष दिसतो. आमच्याकडे मुरमाड रानात कोणी खरीप पड टाकत नाही. तिथे पाणी थांबतच नाही. पावसाळाभर वाट पाहाल तर हाती खरीपही नाही आणि रब्बीही नाही. पडीचा फायदा रानाच्या खोलीवर ठरतो. आयपीएलचे रान उथळ आहे. लहान लिलावांत उरलेली पर्स पुढे जाते, हे खरे. पण तीन वर्षांनी मोठा लिलाव येतो आणि बांध फुटल्यासारखे सगळे वाहून जाते. मोजके खेळाडू राखायचे, बाकी सगळे पुन्हा बाजारात. २०२२ची पेरणी २०२४पर्यंतच काढता येणार होती. त्यातले पहिले वर्ष पड टाकले, म्हणजे एक तृतीयांश मुदत गेली. शिवाय तळाला जाऊन मिळत काहीच नाही. दहाव्या संघाला नव्या पोरांवर पहिला हक्क नाही. लिलावात ज्याची पर्स मोठी त्याचा हात वर. अमेरिकेतल्या दोन कारणांपैकी एक इथे अर्धे आहे आणि दुसरे मुळीच नाही.

याच लिलावातली दुसरी खरेदी पाहा. तिलक वर्मा, वय १९, किंमत १ कोटी ७० लाख. त्या पडत्या हंगामात त्याने ३९७ धावा केल्या. मुंबईकडून त्याच्यापुढे फक्त इशान किशन होता. २०२५च्या मोठ्या लिलावाआधी मुंबईने ज्या पाच जणांना राखले त्यांत तिलक होता, आणि त्याचा आकडा होता आठ कोटी. भविष्यासाठी म्हणून ठेवलेले आठ कोटी वाहून गेले. त्याच वर्षी मैदानात उतरवलेले बी मात्र रुजले.

आंतरपिकाची वाट

मग संघाने भविष्याचा विचार करूच नये का? करावा, पण त्यासाठी रान मोकळे ठेवावेच लागते असे नाही. सोयाबीनमध्ये तुरीची ओळ घालतात. सोयाबीन दसरा-दिवाळीला निघते, तूर मागे उभी राहते. पुण्याच्या कबड्डी संघाने हेच केले.

पुणेरी पलटणने प्रो कबड्डीच्या आठव्या हंगामात, २०२१-२२मध्ये, नव्या तरुण खेळाडूंना मैदान दिले. नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि मोहित गोयत ही त्यांतली नावे. अशा पोरांचा मोबदला कमी असतो, म्हणून पर्सवर भार पडत नाही. नवव्या हंगामात त्यांच्या जोडीला अनुभवी इराणी खेळाडू फजल अत्राचली १ कोटी ३८ लाखांना आणला. डिसेंबर २०२२मध्ये संघ अंतिम सामन्यात गेला आणि जयपूरकडून २९-३३ असा हरला. मग फजलला सोडले. दहाव्या हंगामाची पर्स पाच कोटी होती. तिचा निम्म्याला आलेला भाग, २ कोटी ३५ लाख, पलटणने मोहम्मदरझा शादलूवर लावला. अर्धी पर्स एकावर लावायची ऐपत आली, कारण बाकीची पोरे घरातच मोठी झाली होती. १ मार्च २०२४ला हैदराबादेत हरियाणाला २८-२५ असे हरवून, अस्लमच्या नेतृत्वाखाली, पलटण पहिल्यांदा विजेती झाली. या वाटेवर कुठलाही हंगाम पड टाकलेला दिसत नाही. पगारमर्यादेतली मोकळीक त्यांनी हरून मिळवली नाही, पोरांना खेळवून मिळवली.

उपास कोणाचा, पारणे कोणाचे?

हिशोबाच्या वहीत एक गोष्ट मात्र बसत नाही. खरीप पड टाकतो तो शेतकरी, ज्वारी काढतो तोही शेतकरीच. उपास त्याचा, पारणेही त्याचे. पण त्याच रानात खुरपायला येणाऱ्या बाईचा रोजगार त्या पावसाळ्यात बुडतो, आणि ज्वारीची ओल काही तिच्या घरात साठत नाही. पड टाकताना तिला कोणी विचारत नाही.

संघाचे तसेच आहे. मालकाला पुढची दहा वर्षे आहेत. खेळाडूला नसतात. २०१०पासून मुंबईकडून खेळणाऱ्या पोलार्डने नोव्हेंबर २०२२मध्ये आयपीएलमधून खेळाडू म्हणून निवृत्ती घेतली. म्हणजे तो दहाव्या क्रमांकाचा हंगाम हाच त्याचा शेवटचा ठरला. ज्या पुढच्या वर्षासाठी झाकून ठेवले होते, ते पुढचे वर्ष त्याच्या वाट्याला नव्हतेच. त्याला निदान आधीची पाच विजेतेपदे होती. राखीव बाकावर बसून कारकीर्द संपणाऱ्या पोरांकडे तेही नसते. आमच्या धाराशिवला खो-खोने ओळख दिली. इथल्या सारिका काळेला २०२०मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या मैदानांवर उभे राहिले की कळते, पायातला वेग किती थोडी वर्षे टिकतो. तिथे एका हंगामाला 'फक्त एक हंगाम' म्हणणे जमत नाही.

आता आमच्या जिल्ह्यातही खरीप पड कमी होत चालली आहे. सोयाबीनने पावसाळा व्यापला. शेतकऱ्याला ओलीचे शास्त्र कळेनासे झाले, असे नव्हे. घरात पैसा दिवाळीला लागतो, थेट होळीपर्यंत थांबायची ऐपत राहिली नाही. थांबणे हा शहाणपणाचा भाग आहे तितकाच ऐपतीचाही आहे. पाच चषक कपाटात असलेला संघ एक वर्ष थांबू शकतो. ज्याचे कपाट रिकामे आहे त्याने प्रेक्षकांना थांबा म्हणणे अवघड.

म्हणून यापुढे कोणता संघ 'हे वर्ष बांधणीचे' असे सांगू लागला, तर तीन गोष्टी विचाराव्यात. रान किती खोल आहे, म्हणजे आज वाचवलेले पुढे किती वर्षे टिकेल? मधल्या काळात रानात कुळव चालू आहे का, म्हणजे नवी पोरे खेळत आहेत का, की नुसते तण माजले आहे? आणि ज्याचा हंगाम बुडतो आहे, तो कापणीला हजर असणार आहे का?

भाचा आता मोठा झाला. मुंबईचे सामने अजून पाहतो. त्याला मी हे सगळे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मामा, पण मला ते आठ सामने परत कोण देणार?" माझ्या वहीत त्याचे उत्तर नाही.