जुनी ट्रॉली घेताना: पत्रा नंतर, नंबर आधी

ज्यांना ऐकायला सवड मिळाली नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय. प्रश्न उदगीरकडचा आहे: जुनी ट्रॉली मिळतेय, पत्रा चांगला आहे, घ्यावी का?

परदेशात लोक गाडीमागं जोडायची जुनी फिरती घरं हौसेनं विकत घेतात. आपल्याकडं ट्रॅक्टरमागं जोडतात ती ट्रॉली. सोयाबीन लातूरच्या मोंढ्यात न्यायचं तिच्यातून, ऊस कारखान्यावर तिच्यातून, आणि माळेगावच्या यात्रेला किंवा पंढरपूरला जायचं तर ताडपत्री बांधून तीच घर. सौद्याच्या वेळी मात्र तिच्याकडं नुसतं लोखंड म्हणून बघितलं जातं.

कायदा तसं बघत नाही. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. म्हणजे तिला स्वतःचा नंबर, स्वतःचं आरसी बुक लागतं. ट्रॅक्टरचे कागद आहेत म्हणजे ट्रॉलीचे झाले, असं होत नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे पॉलिश पेपर घेऊन चेसी नंबर घासून बघणं. तो आरसीशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात बांधलेली बिननंबरी ट्रॉली स्वस्त मिळते खरी, पण नोंदणी मान्यताप्राप्त मॉडेलचीच होते. नंतर पासिंग करून देतो म्हणणाऱ्यावर माझा तरी विश्वास नाही.

नंबर एमएच-24 म्हणजे लातूर, एमएच-26 म्हणजे नांदेड. उदगीर-देगलूर पट्ट्यात बीदरच्या केए-38 च्या किंवा तेलंगणातल्या ट्रॉल्याही येतात. तशी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. कर्जाचंही विचारा. ट्रॅक्टर-ट्रॉली बऱ्याचदा एकाच कर्जात घेतलेली असते. विकणारा म्हणेल हप्ते फिटले, पण आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म 35 लागतो. नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30.

नाव बदलणं विकणाऱ्याच्याही फायद्याचं आहे, हे त्याला सांगा. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक. ट्रॉली चार हात फिरली तरी नोटीस पहिल्याच्या दारात.

आता लोखंड. नवा रंग दिसला की मी आधी खाली वाकून बघतो. दांडा चेसीला जिथं जोडलाय तिथं जुन्या वेल्डिंगवर नवं वेल्डिंग चढवलंय का? हुकाचं भोक गोल आहे की झिजून लांबट झालंय? मग सुतळी घ्या, एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत मापा, आणि दुसरी तिरपी बाजूही मापा. दोन्ही मापं सारखी नसतील तर सांगाडा पिळलाय. काळ्या रानातून ओव्हरलोड ओढली की असं होतं, आणि मग टायर एका बाजूनं झिजतात. टायरवर चार आकडे असतात: 2219 म्हणजे 2019 चा बाविसावा आठवडा. जॅक वर करून अर्धा तास तसाच ठेवा, तोवर चहा घ्या. खाली बसला तर सील गेलंय. पण जॅक वर असताना खाली वाकायचं नाही, आधी लाकडी ठोकळा लावा.

आणि ब्रेक? बहुतेक ट्रॉल्यांना नसतोच. सगळं वजन ट्रॅक्टरलाच थांबवावं लागतं. त्यात मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. हंगामात रात्री अशी उसाची ट्रॉली रस्त्यात उभी असली, की मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती अगदी जवळ गेल्यावरच दिसते. रिफ्लेक्टरची पट्टी किरकोळ खर्चाची आहे. सौदा झाल्या दिवशीच लावा.

विम्याचं नीट ऐका. ट्रॅक्टरच्या पॉलिसीत ट्रॉलीचा वेगळा उल्लेख आणि वेगळा हप्ता लागतो. आणि ट्रॉली मालासाठी असते, माणसांसाठी नाही. 4 एप्रिल 2025 ला नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात मजुरांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत पडला. गुंज गावच्या सात बाया गेल्या. शेतावर जायला दुसरं साधन नसतं, हे मलाही कळतं. पण मजूर बसलेले असताना अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि दावा ट्रॉलीमालकाच्या जमिनीपर्यंत येऊ शकतो.

तेव्हा उदगीरच्या भाऊंना उत्तर असं: पत्रा बदलता येतो. इसार पावतीवर चेसी नंबर लिहून घ्या आणि नाव चढेपर्यंत मोठी रक्कम हातात ठेवा. विकणारा त्याला तयार नसेल, तर दुसरी ट्रॉली बघा.